अन्नवस्त्र आणि वाटा : विकलांग पाल्याचे कथात्म वाङ्मयातील स्थान

१

परक्याचे मूल आपल्या घरी वाढविण्याचा प्रसंग कथावाङ्मयाला नवा नाही. अधिरथ आणि राधा यांच्या घरी कर्ण वाढला, कण्वाच्या आश्रमात शकुंतला वाढली, नंदयशोदेच्या अंगणात कृष्ण वाढला. या कथांची घडण तपासून पाहिली असता एक गोष्ट सहज नजरेत भरते. टाकलेले वा दुसऱ्याच्या हवाली केलेले हे मूल वस्तुतः उच्चकुलोत्पन्न, तेजस्वी व अव्यंग असते. कर्ण तर कवचकुंडलांसहच नदीतून वाहत येतो. सांभाळणाऱ्याच्या ओटीत पडलेले मूल म्हणजे झाकलेले माणिक असते आणि केव्हातरी ते झळाळणार, याची खूणगाठ श्रोत्याने आधीच बांधलेली असते. यामुळे राधेचे वात्सल्य उणे ठरत नाही. परंतु त्या वात्सल्याची परीक्षाही होत नाही.

परीक्षा होते ती घरात आलेले मूल पांगळे, बहिरे, कुबडे अथवा मंदबुद्धी असते तेव्हा. अशा मुलाकडून वंशाचे नाव उजळण्याची, म्हातारपणी आधार मिळण्याची वा केलेल्या श्रमांचे फळ पदरात पडण्याची आशा सामान्यतः बाळगली जात नाही. मग असे मूल कोणी का घ्यावे, घेतल्यावर त्याला घरात कोणते स्थान द्यावे, आणि सांभाळणारा गेल्यावर त्याचे काय व्हावे, हे तीन प्रश्न कथाकारापुढे उभे राहतात. आज ज्यांना ‘विशेष गरजा असलेली मुले’ म्हटले जाते त्यांच्या संगोपनाचा आणि दत्तकाचा विचार कायदा, वैद्यक व समाजकार्य यांच्या अंगाने पुष्कळ होतो. वाङ्मयाने या तीन प्रश्नांची कोणती उत्तरे दिली, हे पाहणे प्रस्तुत विवेचनाचे प्रयोजन आहे. त्यासाठी महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राचे आख्यान, व्हिक्टर ह्यूगो यांची ‘नोत्र-दाम द पारी’ (१८३१), चार्ल्स डिकन्स यांची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ (१८४९-५०) आणि पर्ल बक यांची ‘द गुड अर्थ’ (१९३१) या चार कृती निवडल्या आहेत. त्यांचे देश, काळ व वाङ्मयप्रकार भिन्न आहेत, हे उघड आहे. येथे त्यांची तुलना परस्परप्रभाव दाखविण्यासाठी केलेली नसून एकाच प्रश्नाला मिळालेली उत्तरे शेजारीशेजारी ठेवण्यासाठी केली आहे.

२

या प्रश्नांची चर्चा करण्यास उपयोगी पडेल असा एक भेद आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रात सापडतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर, उन्मत्त, जड, मूक इत्यादींना पित्याच्या धनात वाटा नाही असे सांगून लगेच पुढच्या श्लोकात त्यांना यावज्जीव अन्नवस्त्र दिले पाहिजे, न देणारा पतित होय, असा दंडक घातला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा कलही असाच आहे. म्हणजे विकलांग पुत्राला उपाशी ठेवणे हे पाप आहे, परंतु त्याला वारस मानणे आवश्यक नाही. पोटाला मिळेल, वाटणीला मिळणार नाही. तो घरात आहे. पण घर त्याचे नाही.

हा भेद ग्रंथांतच राहिला नाही. १९२८ च्या कायद्याने रोग वा व्यंग यांमुळे वारसा नाकारण्याची प्रथा बव्हंशी रद्द केली, तरी जन्मतः वेडसर वा जडबुद्धी असलेल्यांना त्यातूनही वगळण्यात आले होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने तो अपवादही काढून टाकला. व्यंगाच्या कारणाने कोणासही वारसाहक्कास अपात्र ठरविता येणार नाही, ही गोष्ट कायद्यात निःसंदिग्धपणे येण्यास विसाव्या शतकाचा मध्य उलटावा लागला.

‘अन्नवस्त्र’ आणि ‘वाटा’ हे दोन शब्द येथे केवळ मालमत्तेपुरते घ्यावयाचे नाहीत. घरातील निर्णयात, नावात, मांडीवरच्या जागेत, दुःखात आणि कामातही वाटा असतो. विकलांग पाल्याला कथेने अन्नवस्त्र दिले की वाटा दिला, ही कसोटी लावली म्हणजे दयाळूपणाच्या वर्णनाखाली झाकलेले पुष्कळ काही उघडे पडते.

३

अष्टावक्राचे आख्यान या कसोटीवर फार बोलके ठरते. गर्भात असतानाच त्याने पिता कहोड याच्या वेदपठणातील दोष दाखविला. शिष्यांसमोर झालेल्या या अवमानाने चिडून पित्याने शाप दिला आणि मूल आठ अंगांनी वाकडे जन्मास आले. त्याच्या जन्मापूर्वीच कहोड जनकाच्या यज्ञात बंदीकडून वादात हरला व जळात बुडविला गेला. अष्टावक्र मातामह उद्दालकाच्या आश्रमात वाढला. पित्याची हकीगत त्याच्यापासून लपवून ठेवली असल्यामुळे तो उद्दालकालाच पिता समजे, आणि उद्दालकाचा पुत्र श्वेतकेतू, जो वस्तुतः त्याचा मामा, त्याला भाऊ समजे.

पुढे बारा वर्षांचा अष्टावक्र उद्दालकाच्या मांडीवर बसलेला असताना श्वेतकेतूने त्याला हाताला धरून खाली ओढले आणि ही तुझ्या बापाची मांडी नव्हे असे सुनावले. दत्तक वा पालित मुलाच्या आयुष्यातील मर्मस्थान व्यासांनी येथे अचूक पकडले आहे. श्वेतकेतूची तक्रार अष्टावक्राच्या वाकड्या अंगाविषयी नाही. उद्दालकाच्या आश्रमात त्याला जेवूखाऊ घालण्यास श्वेतकेतूचा विरोध असल्याचेही कथेत कोठे दिसत नाही. विरोध मांडीला आहे. अन्नवस्त्र चालेल, वाटा चालणार नाही, हा स्मृतिकारांचा भेद एका लहान मुलाच्या तोंडी सहजपणे आला आहे, आणि म्हणूनच तो अधिक झोंबतो.

येथून पुढे मात्र आख्यान वेगळी वाट धरते. अष्टावक्र जनकाच्या सभेत जातो, बंदीला जिंकतो, पित्याला परत मिळवितो आणि अखेर पित्याच्या सांगण्यावरून समंगा नदीत उतरताच त्याचे अंग सरळ होते. ज्ञानापुढे देहाचे व्यंग क्षुद्र आहे हे प्रतिपादन मोठे आहे यात शंका नाही. परंतु ते प्रतिपादन खरोखर पटलेले असते तर नदीची गरज काय होती? वाकड्या अंगानेच ज्याने सभा जिंकली त्याला सरळ करून घरी पाठविण्याने आख्यानाने आपल्याच सिद्धान्तावर अविश्वास दाखविला आहे. शिवाय अष्टावक्राला मान मिळतो तो अलौकिक विद्वत्तेमुळे. ज्याच्यापाशी अशी विद्वत्ता नाही अशा मुलाने कोणाच्या मांडीवर बसावे, या प्रश्नाला येथे उत्तर नाही. झाकलेले माणिक येथेही आहेच. एवढेच की ते वाकड्या डबीत ठेवले आहे.

४

ह्यूगो यांच्या कादंबरीत विकलांग मुलाला घेण्याचे कारण फार बारकाईने तपासले गेले आहे. १४६६ च्या साथीत आईबाप गमावलेला तरुण पाद्री क्लोद फ्रोलो आपल्या तान्ह्या भावाचे, जेहानचे, पालन करू लागतो. दुसऱ्या वर्षी ईस्टरनंतरच्या रविवारी चर्चमधील फळीवर, जेथे टाकलेली मुले ठेवली जात, तेथे त्याला एक कुबडे, एकाक्ष, वेडेविद्रे मूल दिसते. भोवती जमलेल्या म्हाताऱ्या बायका ते सैतानाचे पोर समजून जाळून टाकावे असे म्हणत असतात. फ्रोलो ते उचलून घेऊन जातो.

हे कृत्य धैर्याचे आहे, आणि ह्यूगो ते नाकारीत नाहीत. पण त्यामागचा हिशेबही ते लपवीत नाहीत. आपण मेलो तर जेहानही असाच फळीवर पडेल, ही कल्पना फ्रोलोच्या मनात येते. आणि या मुलाच्या संगोपनाचे पुण्य जेहानच्या खाती जमा व्हावे, पुढे त्याच्या हातून पापे घडलीच तर ती या पुण्याने फिटावीत, असा संकल्प तो करतो. कुबडे मूल येथे दुसऱ्या, लाडक्या मुलासाठी केलेली पुण्याची ठेव आहे. नाव ठेवण्यातही हेच दिसते. ‘क्वासिमोदो’ हे त्या रविवारचे नाव. परंतु त्याच शब्दात ‘जवळजवळ’, ‘अपुरा’ असा अर्थ दडलेला असून फ्रोलोने नेमके काय मनात धरले हे लेखकाने मुद्दाम अनिश्चित ठेवले आहे. मुलाला नाव मिळाले, पण ते त्याच्या उणिवेचे नाव होते.

फ्रोलोने त्याला खाऊ घातले, बोलावयास शिकविले, चर्चच्या घंटांचे काम दिले. त्या घंटांनी चौदाव्या वर्षी त्याचे कान गेले, तेव्हा दोघांमध्ये खुणांची भाषा तयार झाली. येथपर्यंत अन्नवस्त्राची बाजू पुरी आहे. कसोटीचा क्षण येतो तो चौकातील शिक्षेच्या प्रसंगी. फ्रोलोच्याच सांगण्यावरून केलेल्या अपहरणाच्या प्रयत्नाबद्दल क्वासिमोदोला फटके मारून चाकावर बांधले आहे. खेचरावर बसून येणारा पालक दिसताच त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद उमटतो, आणि त्याची स्थिती पाहताच फ्रोलो खेचर वळवून निघून जातो. अपराधात जो वाटेकरी होता तो शिक्षेत वाटेकरी होत नाही. पाणी देते ती परकी एस्मेराल्दा.

या कादंबरीत फ्रोलोचा धिक्कार असल्याने ह्यूगो यांच्यावर आक्षेप घेणे अन्यायाचे होईल, असे कोणी म्हणेल. ते बव्हंशी खरे आहे. तथापि कादंबरीचा शेवट विचारात घेतला पाहिजे. क्वासिमोदो पालकाला मनोऱ्यावरून ढकलतो आणि स्वतः मोंफोकोंच्या तळघरात एस्मेराल्दाच्या प्रेताला कवटाळून मरतो. शोकान्तिकेच्या दृष्टीने हा शेवट अपरिहार्य वाटतो. परंतु डिकन्स यांच्या ‘निकोलस निकल्बी’ (१८३८-३९) मधील, शाळेच्या छळातून निकोलसने सोडविलेला स्माइकही मरतो. विकलांग पाल्याला कथेच्या अखेरीपर्यंत नेऊन तेथे मृत्यूच्या स्वाधीन करण्याची ही रीत वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणते, आणि त्याच वेळी त्याला एका अडचणीतून सोडविते. तो जगला असता तर त्याच्याबरोबर कोणाला तरी रोज राहावे लागले असते. अष्टावक्राला नदी सरळ करते, क्वासिमोदोला तळघर पोटात घेते. दोन्ही शेवटांनी घरात वाकडे अंग उरत नाही.

५

डिकन्स यांनीच दहा-बारा वर्षांनंतर एक निराळे उदाहरण घालून दिले. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधील मिस्टर डिक हा वयाने मूल नव्हे, प्रौढ आहे, तरी त्याचा सांभाळ हा प्रतिपालनाचाच प्रकार असल्याने त्याचा विचार येथे उचित ठरतो. त्याच्या भावाला त्याच्या विक्षिप्तपणाची लाज वाटते आणि तो त्याला खाजगी वेड्यांच्या इस्पितळात ठेवतो. बेट्सी ट्रॉटवुड मध्ये पडते, त्याची लहानशी मिळकत त्याच्यापाशीच राहावी असे ठरवून त्याला आपल्या घरी आणते. त्याला आपले खरे नाव सहन होत नाही. म्हणून त्या घरात ते नाव कोणी उच्चारावयाचे नाही, असा तिचा नियम आहे. फ्रोलोने उणिवेवरून नाव दिले. बेट्सीने दुखरे नाव उतरवू दिले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती त्याचा सल्ला घेते. धुळीने माखलेला, चिंध्या पांघरलेला डेव्हिड दारात येतो तेव्हा याचे काय करावे असे ती मिस्टर डिकला विचारते, आणि तो त्याला आंघोळ घालावी असे सुचवितो. वाचक हसतो, पण त्या क्षणी घरातील सर्वांत शहाणे उत्तर तेच आहे. पुढे डेव्हिडचे पालकत्व ती एकटी घेत नाही, मिस्टर डिकला आपल्याबरोबरचा पालक म्हणून नेमते. ज्याला पाल्य म्हणून घरात आणले तोच दुसऱ्या मुलाचा पालक होतो. मराठीत ‘वाटा’ या शब्दाची जी व्याप्ती आहे ती या प्रसंगात पूर्ण उतरली आहे.

डिकन्स यांनी मिस्टर डिकला बरे केलेले नाही. त्याच्या निवेदनपत्रात राजा चार्ल्सचे मुंडके पुनःपुन्हा शिरतच राहते, आणि ती पाने पतंगाला लावून उडविलीही जातात. बेट्सीचे पैसे बुडाल्यावर ट्रॅडल्स त्याला नकला करण्याचे काम मिळवून देतो. त्या कामात राजा चार्ल्स आडवा येऊ लागला तर मनातले लिहिण्यासाठी शेजारी दुसरे टेबल ठेवलेले असते. पहिल्या आठवड्याची दहा शिलिंग नऊ पेन्सांची कमाई तो बेट्सीपुढे बदामाच्या आकारात मांडून ठेवतो. दोन टेबलांची ही व्यवस्था बारकाईने पाहण्याजोगी आहे. ती मनुष्याला कामाजोगा करण्यासाठी त्याचे मन बदलू पाहत नाही, कामाची मांडणी बदलते. आजचे विशेष शिक्षण ज्या तत्त्वावर उभे आहे ते तत्त्व या विनोदी प्रसंगात आधीच आलेले आहे.

एक मर्यादा मात्र नमूद केली पाहिजे. मिस्टर डिकपाशी स्वतःची मिळकत आहे, त्याला वाचा आहे, अक्षर चांगले आहे. ज्याच्यापाशी यांतील काहीच नाही त्याची कथा डिकन्स सांगत नाहीत. ती पर्ल बक यांनी सांगितली.

६

‘द गुड अर्थ’मध्ये वांग लुंगची थोरली मुलगी दुष्काळाच्या तोंडावर जन्मते. तिच्या पहिल्याच वर्षी घरात अन्न नसते. दक्षिणेकडील शहरात भीक मागून दिवस काढताना तिला विकण्याचा विचार निघतो. तिचे हसू पाहून बापाचे मन मागे फिरते. पुढे गावी परतल्यावर तिला बोलता येत नाही, ती उन्हात बसून कापडाचा तुकडा चाळवीत राहते, हे हळूहळू ध्यानात येते. आपण हिला विकले असते तर खरीदणाऱ्यांनी ही अशी आहे हे कळताच मारून टाकले असते, या विचाराने वांग लुंग हादरतो. बायको, रखेल, मुलगे, सुना यांच्याशी कठोर वागणारा हा शेतकरी या एका मुलीपाशी मृदू होतो. तिला तो आपली वेडी पोर म्हणतो. कादंबरीत तिला दुसरे नाव नाही.

म्हातारपणी त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो तो विकलांग मुलांच्या आईबापांना जगात सर्वत्र छळणारा प्रश्न आहे : माझ्यामागे हिचे कोण? मुलगे तिच्याकडे पाहणार नाहीत हे तो जाणतो. दुष्काळात विकत घेतलेल्या आणि आता त्याच्या उतारवयाची सोबतीण झालेल्या पेअर ब्लॉसमच्या हाती तो विषाची पुडी देतो आणि आपण गेल्यावर ती मुलीच्या भातात कालवावी असे सांगतो. या प्रसंगाची भीषणता अशी की ही सूचना प्रेमातून आली आहे. तिला क्रूर म्हणणे सोपे आहे. परंतु जेथे घराबाहेर कोणतीही व्यवस्था नाही तेथे बापाच्या मायेची परमावधी आणि हत्या यांत केवळ एका पुडीचे अंतर उरते, हे बक यांनी न भिता दाखविले आहे.

पेअर ब्लॉसमचे उत्तर या कादंबरीचा नैतिक मध्य आहे. किडा मारवत नाही ती हा जीव कसा घेणार, असे सांगून ती या मुलीला आपली म्हणून घेते. कारण म्हणून ती पुण्य सांगत नाही. म्हातारा आपल्याशी मायेने वागला, आणि असे वागलेला तो एकटाच, एवढेच ती सांगते. पुढे त्याच्या आग्रहाने ती पुडी ठेवून घेते, ही गोष्टही लेखिकेने टाळलेली नाही. प्रतिज्ञा करणाऱ्या बाईलाही आपल्या मरणानंतरचा प्रश्न सुटलेला नाही. ‘सन्स’ (१९३२) या पुढील कादंबरीत ती मातीच्या जुन्या घरात या मुलीला सांभाळते, आणि त्याच घराण्यातील एक कुबडा मुलगाही तिच्याच आश्रयाला येतो. जी स्वतः विकली गेली होती, जिला वंश नाही, वारसा नाही, तिनेच दत्तकाचा खरा अर्थ जाणला. शास्त्रातील दत्तकविधी पिंडासाठी व वंशासाठी पुत्र घेतो. येथे घेणारीला त्या मुलीकडून काहीही मिळावयाचे नाही.

या चित्रणामागे लेखिकेचे आयुष्य आहे. बक यांची मुलगी कॅरल १९२० मध्ये चीनमध्ये जन्मली. तिची बुद्धी वाढत नाही हे कालांतराने उमगले. तिचा आजार ज्या चयापचयदोषाने झाला होता त्याचा शोध नॉर्वेजियन वैद्य फॉलिंग यांनी १९३४ मध्ये लावला, म्हणजे कॅरलच्या दृष्टीने फार उशिरा. १९२९ मध्ये बक यांनी तिला न्यू जर्सीतील व्हाइनलंड येथील संस्थेत ठेवले, आणि तिच्या आजन्म खर्चाची चिंता त्यांच्या लेखनामागील एक प्रेरणा होती. ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्रू’ (१९५०) या पुस्तकात त्यांनी हे सर्व उघड लिहिले, ज्या काळी अशा मुलांविषयी घराबाहेर अवाक्षर काढले जात नसे. त्याआधी १९४९ मध्ये मिश्रवंशीय म्हणून कोणी दत्तक घेत नसलेल्या मुलांसाठी त्यांनी ‘वेलकम हाउस’ ही संस्था काढली. स्वतःही अनेक मुले दत्तक घेतली.

आपली मुलगी संस्थेत ठेवणारी लेखिका कादंबरीत तिला पेअर ब्लॉसमच्या घरी ठेवते, यात विसंगती पाहणे उथळपणाचे ठरेल. वांग लुंगचा प्रश्न हा तिचाच प्रश्न होता. व्हाइनलंड हे वास्तवातील उत्तर, पेअर ब्लॉसम हे कल्पनेतील. परंतु एक उणीव राहतेच. मुलीला नाव नाही, आणि कापडाचा तुकडा चाळविताना तिच्या मनात काय चालते याचा ठाव घेण्याचा प्रयत्न कादंबरीत नाही. क्वासिमोदोच्या अंतरंगात ह्यूगो शिरले. या मुलीच्या अंतरंगापाशी बक थांबल्या. हे थांबणे प्रामाणिकपणाचे आहे असेही म्हणता येईल, कारण जे कळत नाही ते कळल्याचा आव त्यात नाही. मात्र त्यामुळे ती दुसऱ्यांच्या चांगुलपणाचे माप होऊन राहते, हेही मान्य केले पाहिजे.

७

चारही कृती एकत्र पाहता असे दिसते की विकलांग पाल्याविषयीची करुणा ही वाङ्मयात विरळ गोष्ट नाही. विरळ आहे ते त्याला जसाच्या तसा जगू देणे. अष्टावक्र बरा होतो, क्वासिमोदो मरतो. मिस्टर डिक आणि वांग लुंगची मुलगी कथेच्या अखेरीस होती तशीच जिवंत राहतात, आणि म्हणूनच या दोन कृती प्रश्न खुला ठेवतात. त्यांतही डिकन्स वाटा देतात पण मृत्यूनंतरचा प्रश्न विचारीत नाहीत. बक तो प्रश्न विचारतात पण मुलीला आवाज देत नाहीत. दोघांचे मिळून जे होईल ते अजून लिहिले जावयाचे आहे.

वाङ्मय म्हणजे समाजसुधारणेचे पत्रक नव्हे, हा आक्षेप येथे अपेक्षित आहे. परंतु कथेचा शेवट ही कलेची बाब आहे, आणि शेवट सोयीचा आहे की खरा आहे हा प्रश्न विचारणे हे समीक्षेचे कामच होय.

शिवाय हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाही. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींची आईबापांच्या मृत्यूनंतर काळजी घेण्याचा विषय कायद्याच्या कक्षेत आणला. वांग लुंगच्या पुडीला विधिमंडळाने दिलेले हे उत्तर आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने दत्तक मुलाला पोटच्या मुलाचे सर्व हक्क दिले, आणि मुलाला दत्तक न देता कुटुंबात सांभाळण्याची, म्हणजे प्रतिपालनाची, तरतूदही केली. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस विकलांग मुलांना वाढविणारे आणि त्यांना पिता म्हणून स्वतःचे नाव देणारे शंकरबाबा पापळकर यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. अठरा वर्षे पुरी झाली म्हणून अशा मुलांना आश्रयाबाहेर काढू नये, हा त्यांचा अनेक वर्षांचा आग्रह आहे. अन्नवस्त्राची मुदत संपते, नावाची संपत नाही, हे त्या आग्रहाचे मर्म आहे.

मराठी कथावाङ्मयाच्या अभ्यासकाने यातून एक कसोटी उचलण्यासारखी आहे. एखाद्या कथेत विकलांग मूल आले तर त्याच्यावर किती अश्रू ढाळले आहेत हे मोजण्याऐवजी, त्याला घरात कोण विचारते, त्याला कोणत्या नावाने हाक मारली जाते आणि कथा संपल्यावर ते कोठे राहते, हे पाहावे. श्वेतकेतूने ज्या मांडीवरून अष्टावक्राला ओढले ती मांडी अद्याप वादात आहे.